बारावीच्या प्रयोगशाळेत संशोधन कसं आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एमएस्सीनंतर काही वर्षं विद्यापीठाच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट फेलो म्हणून काम केलं, एका पेपरवर नावही आलं. आता तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वर्गात ऐंशी मुलं, निम्म्यांचं लक्ष 'नीट'कडे, प्रयोगशाळेत मोजके सूक्ष्मदर्शक. लॅबमध्ये शिकलेलं या मुलांपर्यंत कसं पोचवू? की ते सगळं विसरून गपचूप पोर्शन पूर्ण करू?"

पोर्शन पूर्ण करावाच लागेल, त्यातून कोणाचीच सुटका नाही. पण लॅबमध्ये शिकलेलं विसरायची गरज नाही, आणि त्यासाठी वेगळा तास, वेगळा निधी किंवा प्राचार्यांची खास परवानगीही लागत नाही. मी फळमाशीच्या आनुवंशिकीवर पीएचडी करून शिकवायला आलो आणि नोकरीचा बहुतेक काळ खानदेशात काढला. तेव्हा सांगतोय ते मोठे वर्ग, जुनी उपकरणं आणि डोक्यावर बोर्डाची प्रात्यक्षिकं, याच परिस्थितीतलं आहे.

पहिली गोष्ट, स्वतःच्या संशोधनाचा विषय वर्गात आणायची घाई करू नका. तो मोह सगळ्यांना होतो. आपण पीसीआरच्या (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र), जेलच्या, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या गोष्टी सांगतो, मुलं "भारी आहे मॅडम" म्हणतात आणि पुढच्या तासाला विसरतात. त्यांच्या दृष्टीने ते पुस्तकातल्या आणखी एका पानासारखंच असतं, फक्त ते परीक्षेला नसतं.

माझा विषय तर वर्गात आणायला सोपा वाटावा असा. पिकलेलं केळं उघड्या बरणीत ठेवा, तोंडाला कागदाचं नरसाळं लावा, संध्याकाळपर्यंत चिलटं, म्हणजेच फळमाश्या, हजर. रवा, गूळ, आगर आणि यीस्ट शिजवून त्यांचं खाद्य करता येतं. २५ अंश सेल्सिअसला साधारण दहा दिवसांत अंड्यापासून नवी माशी तयार होते. पण संकर करायचा तर कुमारी मादी हवी, म्हणजे कोशातून बाहेर आल्यापासून आठेक तासांच्या आत वेगळी केलेली. हे वेळापत्रक कॉलेजच्या घंटेत बसत नाही. शिवाय एप्रिलमध्ये आमच्याकडे लॅबचं तापमान पस्तिशीच्या पुढे जातं आणि तिशीच्या वरच नर वांझ होऊ लागतात. म्हणून मी माशी एकाच तासापुरती आणतो. ती बर्फावर ठेवून सुस्त करायची, ईथरच्या नादी लागायचं नाही, तो पटकन पेट घेतो. मग भिंगाखाली नर-मादी ओळखायची. नर लहान, पोटाचं टोक काळं, पुढच्या पायांवर काळी फणी. १९१० मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ मॉर्गनला पांढऱ्या डोळ्यांचा जो नर सापडला तो केवढ्याशा प्राण्यात दिसला, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की लिंग-सहलग्नतेचा (लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकांचा) धडा वेगळाच वाटतो. तेवढं पुरे.

लॅबमधून आणण्यासारखं खरं सामान वेगळं आहे. तुलनेसाठी कंट्रोल, म्हणजे काहीही न बदललेला नमुना, ठेवणं, तेच पुन्हा करून बघणं, मोजण्याचा नियम मोजायच्या आधी ठरवणं आणि दिसलं तेच लिहिणं. हे सगळं बोर्डाने नेमून दिलेल्या प्रात्यक्षिकांमध्येच बसवता येतं. नाहीतरी ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिकं अशी विभागणी आहे, त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या तासाला कोणी हरकत घेत नाही.

अडचण येते ती जर्नलची. तुम्ही पाहिलंच असेल, प्रयोग व्हायच्या आधीच निरीक्षणांचा तक्ता भरलेला असतो. वरच्या वर्गातल्या ताई-दादाचं जर्नल समोर ठेवून आकृत्यांसकट उतरवलेलं. बटाट्याच्या ऑस्मोमीटरमध्ये पाणी किती मिलिमीटर चढलं याचं उत्तर चार बॅचमध्ये एकच येतं, आणि ते गेल्या वर्षीही तेच होतं. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. नीटनेटकं जर्नल बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला हवं असतं, आपणही त्यावरच सही करतो. जर्नलशी भांडू नका. सोबत एक शंभर पानी रफ वही सुरू करा. नियम दोनच: पेनानेच लिहायचं, आणि चुकलं तर एका रेघेने खोडायचं, पान फाडायचं नाही. तारीख, वेळ, द्रावण कोणत्या बाटलीतून घेतलं, काय दिसलं, काय दिसलं नाही. या वहीला गुण द्या. अंतर्गत मूल्यमापनात दोन-चार गुण आपल्या हातात असतातच. जर्नल नंतर या वहीवरून लिहायचं. पहिले दोन महिने मुलं कुरकुरतात, "सर, आमचं उत्तर चुकलंय, बदलू का?" असं विचारत राहतात. "नको, तसंच ठेव, आणि का आलं असेल ते खाली लिही," एवढंच म्हणत राहायचं.

आता एक प्रात्यक्षिक जरा जवळून बघू, कारण सगळी मेख बारकाव्यांत आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं समसूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणं. नेहमीची पद्धत अशी की मुलं स्लाइड करतात, काही दिसत नाही, मग सर कायमस्वरूपी स्लाइड लावून देतात आणि सगळे पुस्तकातल्या पाच आकृत्या काढतात.

स्लाइडमध्ये काही न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, टोक हरवलेलं असतं. विभाजन चालतं ते शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये. मुळं फिक्स करताना, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवणाऱ्या द्रावणात टाकताना, आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणती बाजू कांद्याकडची आणि कोणती टोकाची हे मुलांना कळत नाही. ॲसिटोकार्मिन या लाल रंगात थेंबभर हायड्रोक्लोरिक आम्ल घालून वॉच ग्लास हलकी गरम केली, उकळू दिली नाही, की टोकाचा भाग गडद लाल होतो आणि मागचा फिकट राहतो. तेवढा गडद भाग ब्लेडने कापा, बाकीचं मूळ काढून टाका. मग कव्हरस्लिप, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा घसरला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया जाते. हे हाताला बसेपर्यंत दोन-तीन स्लाइड बिघडतात, त्या बिघडू द्या.

स्लाइड जमली की 'अवस्था ओळखा' एवढ्यावर थांबू नका, मोजायला लावा. दोघांच्या जोडीने शंभर पेशी मोजायच्या. शेत नांगरतात तसं स्लाइडच्या एका कडेपासून तासातासाने पुढे सरकायचं, छान दिसणाऱ्या पेशी शोधत फिरायचं नाही. पूर्वावस्था किती, मध्यावस्था किती, पश्चावस्था किती, अंत्यावस्था किती आणि विभाजन न होणाऱ्या किती. चार बॅचचे आकडे एका तक्त्यात आले की काही हजार पेशी होतात. मग विचारायचं, पुस्तकात पाचही चित्रं सारख्याच आकाराची आहेत, मग आपल्याला पूर्वावस्था इतक्या आणि पश्चावस्था इतक्या कमी का दिसल्या?

इथे वर्ग शांत होतो. कोणीतरी म्हणतं, स्लाइड खराब होती. कोणी म्हणतं, पश्चावस्था ओळखता आली नाही. मग हळूहळू एखादी मुलगी म्हणते, ती लवकर संपत असेल. बरोबर. पेशी एकमेकींशी ताळमेळ न ठेवता विभागत असतील, तर ज्या अवस्थेला जास्त वेळ लागतो त्या अवस्थेतल्या पेशी कोणत्याही क्षणी जास्त सापडणार. मेलेल्या, रंगवलेल्या, जागच्या जागी थांबलेल्या पेशींवरून वेळेचा अंदाज काढता येतो. हे बारावीच्या मुलाने स्वतःच्या आकड्यांवरून ओळखणं, याला मी संशोधन म्हणतो. त्याला पीसीआर यंत्र लागत नाही.

आणखी एक पायरी पुढे जायची असेल तर स्लाइडची अदलाबदल करा. एका जोडीची स्लाइड दुसऱ्या जोडीने मोजायची, पहिल्या जोडीचे आकडे न पाहता. फरक येतो, आणि तो बहुतेक एकाच ठिकाणी येतो, पूर्वावस्था नेमकी कुठून सुरू झाली असं धरायचं यावर. मग वाद होतात, आणि शेवटी वर्गच नियम ठरवतो: धागे सुटे-सुटे दिसले तरच पूर्वावस्था. विद्यापीठात आपल्याला हे शिकायला एमएस्सीचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं होतं.

याच प्रयोगात एक तयार प्रश्न दडलेला आहे. मुळं सकाळी फिक्स करावीत, असं प्रात्यक्षिकाच्या सूचनांमध्ये असतं. का? वर्गालाच विचारा, खरंच फरक पडतो का? एकाच कांद्याची मुळं सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी फिक्स करा, बाटल्यांवर वेळेऐवजी क, ख, ग लिहा आणि मोजणाऱ्यांना वेळ कळू देऊ नका. कांदे वेगवेगळे घेतले तर फरक वेळेचा की कांद्याचा हे कळणार नाही, हे मुलांनाच सुचू द्या. उत्तर काय येईल ते मी इथे सांगत नाही, तुमच्या कांद्यांना विचारा. पावसाळ्यात मात्र कांदे पाण्यात सडतात, म्हणून हा प्रयोग दिवाळीनंतर ठेवा. जुनी वाळलेली मुळं खरवडून काढायची आणि फक्त बूड पाण्याला टेकेल असा कांदा ग्लासवर ठेवायचा.

दुसरं प्रात्यक्षिक परागकणांचं. सदाफुली प्रत्येक कॉलेजच्या आवारात असते आणि तिचे परागकण साखरेच्या द्रावणात तासाभरात नलिका काढतात, म्हणजे डबल पिरियडमध्ये काम होतं. साखरेबरोबर काय घालायचं याचं सूत्र ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी १९६३ मध्ये दिलं आणि ते आजही जगभर वापरतात: १० टक्के सुक्रोज, आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम बोरिक आम्ल, ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, २०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. तुमच्या कॉलेजचा तराजू शंभर मिलिग्रॅम विश्वासाने मोजणार नाही. हरकत नाही, तीच शिकवण्याची संधी. १ ग्रॅम बोरिक आम्ल १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, हा शंभरपट तीव्र साठा झाला. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन एकूण १०० मिलिलिटर करा. साठा आणि विरलन हे दोन शब्द मुलांना रसायनशास्त्रात पाठ असतात, हाताने केलेले नसतात.

मग एका गटाने पूर्ण द्रावण घ्यायचं, एकाने बोरिक आम्ल वगळून, एकाने कॅल्शियम वगळून, एकाने नुसती साखर आणि एकाने नुसतं पाणी. परागकण रुजला असं कधी म्हणायचं? नलिका परागकणाच्या व्यासापेक्षा लांब झाली की. नियम आधी ठरवायचा, फळ्यावर लिहायचा. नुसत्या पाण्यात काही परागकण फुटलेले दिसतात, तेव्हा परासरणाचा धडा परत काढता येतो. एकच फूल की अनेक फुलांचे परागकण मिसळून, यावर मुलं स्वतःहून वाद घालतात. मी शक्यतो मध्ये बोलत नाही.

वर्गातल्या तासाला काय? तिथे प्रयोग करता येत नाही, पण दुसऱ्यांनी केलेले प्रयोग उलगडून दाखवता येतात. बारावीच्या पुस्तकात डीएनएची प्रत कशी बनते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग आहे. मुलं 'अर्धसंरक्षी' हा शब्द पाठ करतात आणि पुढे जातात. मी तो उलटा शिकवतो. पुस्तक बंद. फळ्यावर तीन शक्यता: जुना डीएनए अख्खा राहतो आणि नवा अख्खा वेगळा बनतो, प्रत्येक नव्या रेणूत एक जुना आणि एक नवा धागा असतो, किंवा जुन्या-नव्याचे तुकडे दोन्ही धाग्यांत मिसळतात. जड नायट्रोजनवर वाढवलेले जीवाणू हलक्या नायट्रोजनवर आणले, तर पहिल्या पिढीनंतर सिझियम क्लोराइडच्या नळीत (जिथे जड डीएनए खाली आणि हलका वर थांबतो) पट्टे कुठे येतील ते प्रत्येक शक्यतेसाठी वहीत काढा. दहा मिनिटं द्या. मग खरा निकाल सांगा, मधोमध एकच पट्टा. पहिली शक्यता बाद झाली. पण दुसरी की तिसरी, हे अजून ठरत नाही, आणि नेमकं हेच मुलांच्या लक्षात आलेलं नसतं. दुसऱ्या पिढीत एक मधला आणि एक हलका असे दोन पट्टे आले, तेव्हा तिसरी गेली. दुसऱ्या पिढीचा नमुना का घेतला, याचं उत्तर ज्याला देता येतं त्याला तो प्रयोग कळला.

मेंडेलचंही तसंच. वाटाण्याच्या संकरातलं ३:१ हे प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याचे खरे आकडे फळ्यावर लिहा: जांभळी फुलं ७०५, पांढरी २२४. भागाकार केला तर ३.१५ येतो. मुलं अस्वस्थ होतात, मेंडेल चुकला का? मग काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक मोजणारी संख्या, काढायला लावा. ०.३९ येतो, मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. गणिताच्या सरांना हाताशी धरलं तर फारच छान. वर्ग चांगला असेल तर हेही सांगा की १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने उलट आक्षेप घेतला होता, मेंडेलचे आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात म्हणून. त्यावर आजवर वाद चालू आहे. पुस्तकातला देवमाणूसही तपासला जातो, हे मुलांना आवडतं.

'नीट'चं काय, हा प्रश्न पालकसभेत येणारच. १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, त्यामुळे पालकांची काळजी खोटी नाही. मी त्यांना मोठी तत्त्वं सांगत बसत नाही. विधान-कारण प्रकारचे आणि आलेखावरचे प्रश्न ज्याला मेसेल्सन-स्टाल असा कळलाय त्याला सोपे जातात, एवढंच सांगतो. इंटिग्रेटेड बॅचची (कॉलेज आणि खासगी क्लास एकत्र असलेली) मुलं तर वर्गात येतच नाहीत, फक्त प्रात्यक्षिकाला उगवतात. मग तोच तुमचा तास समजा. डेटावर आधारलेले चांगले प्रश्न हवे असतील तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जीवशास्त्र ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. पूर्ण पेपर देऊ नका, घाबरतील. महिन्यातून एक प्रश्न फळ्याशेजारी चिकटवा.

भाषेचं एक सांगायला हवं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावीला इंग्रजीच्या लोंढ्यात सापडतात आणि प्रश्न विचारणं बंद करतात. त्यांना विषय कळत नसतो असं नाही, वाक्य जमत नसतं. रफ वही कोणत्याही भाषेत चालेल असं पहिल्याच दिवशी जाहीर करा. "मॅडम, ही पेशी फुगून फुटली वाटतं" हे निरीक्षण म्हणून पूर्ण आहे. जर्नलमध्ये इंग्रजी वाक्य लिहायला नंतर मदत करता येते.

विज्ञान प्रदर्शनाबाबत माझं मत जरा कडवट आहे. थर्माकोलचं हृदय आणि लाल-निळे दिवे याला बक्षीस मिळतं, वर्षभर झाड पाहणाऱ्या मुलीला मिळत नाही. तरी झाड पाहायला लावाच. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात दर आठवड्याला एकाच झाडाची पालवी, फुलं, फळं नोंदवायची असतात, आणि त्या नोंदी देशभरातल्या नोंदींत मिळतात. बहावा, पळस, आंबा, कडुलिंब, जे शाळेच्या रस्त्यावर असेल ते. नववी-दहावीलाही हे जमतं. आठवडा चुकला तर रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. हे पाळायला मुलांना जितकं जड जातं तितकं दुसरं काही नाही.

दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटांची लॅब मीटिंगही घ्या, तुमच्या गाईडकडे व्हायची तशीच. एका जोडीने उभं राहून काय केलं, काय बिघडलं आणि पुढच्या वेळी काय बदलणार ते सांगायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. तुम्ही मागच्या बाकावर बसा.

शेवटी तुमच्या जुन्या लॅबविषयी. संबंध तोडू नका, पण काय मागायचं ते ठरवून मागा. वापरातून काढलेला मायक्रोपिपेट, थोडा रंग, कायमस्वरूपी स्लाइड, जुनी पोस्टर्स, आणि एखाद्या पीएचडी करणाऱ्या मुलीचा व्हिडिओ कॉलवर अर्धा तास, ज्यात तिने यशाऐवजी त्या आठवड्यात अडकलेलं काम दाखवावं. एथिडियम ब्रोमाइड मागू नका, तो डीएनएला चिकटणारा उत्परिवर्तक आहे आणि कॉलेजच्या बेसिनमध्ये त्याला जागा नाही. जनुकबदल केलेले किंवा प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणूही नकोत. त्यांना जैवसुरक्षेचे नियम लागू होतात आणि ते पाळायची सोय आपल्याकडे नसते. जीवाणू दाखवायचेच तर दह्यातले दाखवा. आगरच्या प्लेटवर काही वाढवलं तर प्लेट टेपने बंद करा, अंगावरचे किंवा शौचालयातले नमुने घेऊ नका, आणि काम झालं की सगळं घरगुती कुकरमध्ये पूर्ण दाबावर वीस मिनिटं ठेवून मगच टाका. तो कुकर मात्र प्रयोगशाळेचाच हवा आणि त्यावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं, नाहीतर स्टाफरूममधल्या वार्षिक खिचडीसाठी कोणीतरी तो उचलून नेतंच.